तक्रारीच्या धर्ममाता

सान हासिंतो, ३ फेब्रुवारी

अम्पारो,

‘प्रिय’ मुद्दामच लिहिलेलं नाही. तू मला फोनवर ब्लॉक केलंस म्हणून कागद घ्यावा लागला. कागद फार तर फाडता येतो, आणि फाडण्याआधी हातात धरावा लागतो. तेवढ्यात तुझ्या दोन ओळी वाचून होतीलच. बोर्डिंगात तू इतर मुलींची पत्रंसुद्धा वाचायचीस, स्वतःच्या नावाचं कसं सोडशील?

तू चिडली आहेस. मीही चिडलेली आहे. फरक इतकाच, की मला कारण आहे.

जानेवारीत फोन केलास तेव्हा मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. ‘घराण्याची लाज घालवलीस’ म्हणालीस. कुठलं घराणं? आपले वडील बसस्थानकावर तिकिटं फाडायचे. आता शांतपणे ऐक.

त्या फोटोंत माझ्या अंगावर कपडे नाहीत. तू पाहिलेस, तेव्हा वर्णन करत नाही. मी काढले, माझ्या घरात, दार लावून, कपाटाच्या आरशासमोर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. बोर्डिंगात मदर एस्कोलास्तिकाने आपल्याला झग्यासकट आंघोळ करायला लावलं. मी माझी स्वतःची पाठ पहिल्यांदा पाहिली तेव्हा चाळिशी उलटली होती. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालं, सगळं लख्ख दिसायला लागलं, आणि आरशातली बाई मला आवडली. म्हणून फोटो काढले. सेलेदोनियोला पाठवले, कारण तेव्हा तो माझा माणूस होता. यात लाज कुणाला वाटायला हवी ते तूच ठरव.

तो माझा माणूस का राहिला नाही, हे तुला ठाऊक नाही. नोव्हेंबरात म्हणाला, आता एकत्र राहू या. मला घर दाखवायला घेऊन गेला. आधी स्वयंपाकघर दाखवलं, मग धुण्याची जागा, मग आईची खोली. आई जिवंत आहे, अम्पारो. खाटेवर बसून तिने मला विचारलं, ‘सूप पातळ करतेस की दाट?’ मी बाहेर येऊन त्याला म्हटलं, तुला बायको नको आहे, कामाला बाई हवी आहे, आणि कामाची बाई पगार मागते. तो हसला. मी हसले नाही. मी त्याच्याबरोबर नाचणंही बंद केलं.

हा माझा गुन्हा. त्याची शिक्षा म्हणून त्याने ते फोटो दान्सोन नाचणाऱ्या पुरुषांच्या ग्रुपवर टाकले. गेल्या वर्षी चौकात तूही त्याच्याबरोबर नाचून गेलीस, तेव्हाच त्याने तुझा नंबर घेतला असणार. म्हणून तुलाही पाठवले, आणि वर स्वतःच्या आवाजात मेसेज बोलून टाकला: ‘बघा, तुमची बहीण काय चाळे करते.’ हे तूच मला फोनवर सांगितलंस, ओरडत ओरडत.

आता तो गावभर सांगतो आहे की त्याचा फोन चोरीला गेला होता आणि हा सगळा त्या चोराचा उद्योग. अम्पारो, चोराला सेलेदोनियोचा आवाज नसतो. तो आवाज तुझ्या फोनमध्ये आहे. माझं एकच मागणं आहे: तो पुसू नकोस.

तीस वर्षं या गावच्या तारा माझ्या हातून गेल्या. कोण मेलं, कुणाचा नवरा सरहद्दीपलीकडे दुसरा संसार थाटून बसला, कुणाच्या मुलीला बाळ होणार, हे आईबापांच्या आधी मला कळायचं. मी एकही तार शेजारणीला दाखवली नाही. ज्याच्या नावाची तार, त्याच्याच हातात. आणि या माणसाला माझे तीन फोटो सांभाळता आले नाहीत.

त्यानंतर काही दिवस मी घरात आराम केला. खिडक्या लावून.

काल कांदेलारिया होती. तुमच्या तांपिकोत आता कुणी पाळत असेल की नाही कोण जाणे, इथे अजून पाळतात. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, शेजारच्या कुकाच्या घरी राजांचा पाव कापला, आणि आतली बाहुली माझ्या वाट्याच्या तुकड्यात निघाली. दातच पडायचा. म्हणजे बाळ येशूची यंदाची धर्ममाता मी. कांदेलारियाला बाळाच्या मूर्तीला नवे कपडे घालून देवळात न्यायचं मी, आणि गल्लीला पानात उकडलेले तमाले खाऊ घालायचे तेही मीच. त्यानंतर आठवडाभरात फोटो फिरले. मी ना पीठ भिजवलं ना केळीची पानं आणली. मला वाटलं, आता माझ्या हातचं कोण खातंय.

सकाळी दारावर लाथा बसायला लागल्या. लाथाच, कारण कुकाच्या दोन्ही हातांत पातेलं होतं.

“ओतिलिया, दार उघड! भूक लागलीय!”

“मी आजारी आहे.”

“आजारी माणसाचा आवाज एवढा मोठा नसतो. तमाले कुठेत?”

“केलेच नाहीत.”

“ऐकलंत का गं? बाहुली गिळून बसली आणि आता म्हणते केलेच नाहीत!”

मागून ब्रिहिदा शिंपीण ओरडली, “बाळाचा झगा मी शिवून आणलाय, हिरव्या साटिनचा. तो काय मी स्वतः घालू?”

मी दार बोटभर उघडलं. गल्लीतल्या सगळ्या बायका रिकाम्या ताटल्या घेऊन उभ्या होत्या.

“कुका,” मी म्हटलं, “काय झालंय ते तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. माझ्या नवऱ्याच्या फोनवर पाहिलं. तो फोन आता पाण्याच्या पिंपात आहे.”

“पाहिलेस तू?”

“पाहिले. तुला कंबर अजून आहे, बाई. माझी कुठे गेली देव जाणे. सरक आता, पीठ कुठल्या डब्यात ठेवतेस?”

त्या आत घुसल्या. कुणी मला ‘बिचारी’ म्हटलं नाही, कुणी पाठीवरून हात फिरवला नाही. मला पानं पुसायला बसवलं आणि नीट पुसत नाही म्हणून ओरडा दिला. दुपारी मी हिरव्या झग्यातलं बाळ छातीशी धरून चौकातून देवळात गेले, मागे सगळ्या बायका. सेलेदोनियो बाकावर बसला होता. बाळ येताना टोपी काढून उभं राहावं लागतं. तो उठला. टोपी काढली. मी पुढे गेले.

आज घरभर केळीच्या पानांचा वास आहे आणि मी पोटभर जेवले आहे.

पुसू नकोस.

ओतिलिया


सान हासिंतो, राखेचा बुधवार

अम्पारो,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्या कपाळावर आज राख लावताना पाद्र्याने काय म्हटलं ते लक्षात ठेव: मातीची आहेस, मातीतच जाशील. माझ्यावर रुसून राहायला फार वर्षं उरलेली नाहीत.

कुका मला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेली. तिथे बायकांचं एक मदत केंद्र आहे, एका चपलांच्या दुकानाच्या माडीवर. तिथली मुलगी यारेली. डोक्याची एक बाजू भादरलेली, दुसरीकडे निळे केस. मदर एस्कोलास्तिका पाहती तर तिला पवित्र पाण्याने धुऊन काढती. मुलीने माझा हात धरला आणि हळू आवाजात, आदराने ‘दोन्या’ लावून म्हणाली, “दोन्या ओतिलिया, सगळ्यात आधी एक सांगते. यात तुमची काही चूक नाही.”

“मुली, ते मला माहीत आहे. त्याच्या पुढचं सांग.”

ती हसली, आणि मग आमचं जमलं. तिने सांगितलं की अशा गोष्टीला आपल्या देशात कायदा आहे, दुसऱ्याचे असे फोटो परवानगीशिवाय फिरवणाऱ्याला तुरुंग होऊ शकतो. माझ्यासारख्या पुष्कळ येतात, म्हणाली. शाळेतल्या मुली, नर्सा, एक महापौराची सून. माझ्या वयाची मी पहिलीच. मी म्हटलं, पहिली आलेली. बाकीच्या घरी बसल्या असतील. ती म्हणाली, “हो, हे खरंय.” मग तिने माझ्यासमोर बसून त्या फोनवाल्या कंपन्यांना लिहिलं, फोटो जिथे जिथे दिसतील तिथून काढून टाका म्हणून. दोन ठिकाणचे गेलेसुद्धा.

मग तिने विचारलं, “ज्यांच्या फोनवर ते फोटो आले, त्यांचे मेसेज कुठेत? नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. काही पुसायचं नाही, काही बदलायचं नाही.”

मी कुकाकडे पाहिलं. कुका छताकडे पाहत होती.

“दोन्या कुका?”

“पिंपात.”

“पिंपात म्हणजे?”

“म्हणजे पाण्यात, पोरी. तुला पिंप माहीत नाही का?”

“आणि बाकीच्यांचे?”

बाकीच्यांची हकिकत अशी: ब्रिहिदाने भावाचा फोन शिवणयंत्राच्या पायाखाली घातला. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने नवऱ्याचा भट्टीत टाकला, नंतर चार दिवस तिच्या पावाला वास येत होता. ज्या शहाण्या होत्या त्यांनी नुसतंच पुसून टाकलं, पुन्हा दिसू नये म्हणून नवऱ्याला ग्रुपमधूनही बाहेर काढलं. माझ्यावरच्या मायेपोटी या बायकांनी गावातला सगळा पुरावा नष्ट केला आहे. यारेलीने कपाळ टेबलावर टेकवलं. माझ्याही फोनमध्ये मी त्याला पाठवलेले फोटो आहेत, त्याने पुढे पाठवल्याचं काही नाही.

राहिला एक फोन. तांपिकोत.

घरी आल्यावर मला थोडं बसावंसं वाटलं. मी म्हटलं, नको ते सगळं. ती कचेरी, तो कारकून, प्रत्येकाने ते फोटो पुन्हा बघायचे. माझ्याच्याने होणार नाही, एकटीच्याने तर नाहीच. तेव्हा ब्रिहिदा, तोंडात टाचण्या धरून, म्हणाली, “एकटीने कोण म्हणतंय? पंधराव्या वाढदिवसाला मुलगी एकटी उभी राहते का? केकची एक धर्ममाता असते, बुटांची एक, बँडची एक. आईबापांना जे झेपत नाही ते वाटून घेतात. तक्रारीला काय वेगळं आहे?”

झालं. तिथल्या तिथे वाटणी सुरू झाली. बसच्या तिकिटांची धर्ममाता बेकरीवाली. डब्याची धर्ममाता कुका. ब्रिहिदा माझ्या ब्लाउजची, कारण तिच्या मते माझ्या कुठल्याच ब्लाउजमध्ये न्याय मागण्याची ताकद नाही. कोपऱ्यावरची म्हातारी एउलालिया, जी ऐकत नाही आणि चालत नाही, तिने जपमाळ मागून घेतली: मी बोलत असेन तेवढा वेळ ती घरी बसून म्हणणार. रडू आलं तर माझ्याऐवजी बोलायची धर्ममाताही नेमली, तीही कुकाच. तिला दोन मिळाल्या म्हणून ब्रिहिदा फुगली. उद्घाटनाची फीत कापल्यासारख्या सगळ्या खूश. मी कॉफी करून दिली. अम्पारो, या घरात एवढा आवाज आई गेल्यापासून झाला नव्हता.

शेवटी कुणीतरी विचारलं, “आणि पुराव्याची धर्ममाता?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, ती जागा धरून ठेवली आहे.

तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही, माफी कशाची? मला भेटू नकोस, बोलू नकोस. तो मेसेज मात्र दे.

ओतिलिया


सान हासिंतो, १४ मार्च

अम्पारो,

पोस्टमन म्हणतो तुझ्या पत्त्यावरची दोन्ही पत्रं पोहोचली. म्हणजे वाचलीस. तुझी जागा अजून रिकामीच आहे, पण आम्ही जाऊन आलो.

सरकारी वकिलाच्या कचेरीच्या दाराशी पहारेकरी. आम्हा सगळ्यांना डबे-छत्र्यांसह पाहून त्याने हात आडवा घातला.

“एवढ्या सगळ्या कोण?”

“धर्ममाता,” कुका म्हणाली.

त्याचा चेहराच बदलला. मला आधी कळेना, मग उमगलं. पोलीस लोक त्यांच्या बिनवर्दीच्या, हाणामाऱ्या करणाऱ्या माणसांनाही हेच नाव देतात. त्याने दबक्या आवाजात विचारलं, “कुठल्या साहेबांच्या?”

“साहेबांच्या कशाला? हिच्या!” कुकाने मला पुढे ढकललं. “आणि आत सोडलं नाहीस तर तुझ्याही होऊ.”

सोडलं.

आतला कारकून तुझ्या थोरल्याच्या वयाचा. त्याने कागदावर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “आजी, या वयात?”

“या वयात काय? तक्रार?”

“नाही, म्हणजे… फोटो.”

“फोटो काढायचं वय कुठे लिहिलंय का? दाखव, मी चष्म्याशिवाय वाचते आता.”

पलीकडच्या टेबलावरची बाई खोकल्याच्या निमित्ताने हसली. कारकून लाल झाला. मग त्याने तो प्रश्न विचारला जो विचारणार हे यारेलीने मला आधीच सांगून ठेवलं होतं: “पण ते फोटो तुम्हीच त्यांना पाठवले ना?”

मी म्हटलं, “मी तार ऑफिसात होते. तार पाठवणाऱ्याने एकाला पाठवलेली असते. ती चौकात वाचून दाखवली तर गुन्हा पाठवणाऱ्याचा होतो का?”

त्याने ते वाक्य तसंच टाइप केलं. मी पूर्ण नाव दिलं, आईकडचं आडनावसुद्धा. मग ते फोटो टेबलावर ठेवावे लागले. तिथे माझा आवाज गेला आणि डब्याची धर्ममाता बोलण्याचीही झाली; दोन्ही कामं तिने एकदमच केली, एका हाताने मला एन्चिलादा भरवत.

कारकून शेवटी म्हणाला, तक्रार नोंदली. पण त्या गृहस्थांचं म्हणणं आहे फोन चोरीला गेला. त्यांनीच पाठवलं असं थेट काही हाती आलं नाही, तर कागद पुढे सरकणं अवघड. तो वाईट नव्हता. उद्धट होता, पण वाईट नव्हता.

रविवारी मी चौकात नाचायला गेले. ब्रिहिदाने शिवलेला ब्लाउज कचेरीपुरता थोडाच आहे. माझ्याबरोबर नाचायला पुरुष पुढे येईना. काहींना लाज वाटत होती, काहींना बायकोची भीती, आणि दोन्ही मला पटलं. मग कुकाच माझा हात धरून उभी राहिली. ती पुरुषाचं नाचली, पावलं सगळी चुकीची. सेलेदोनियो त्याच्या नव्या जोडीदारणीबरोबर होता, त्या दंतवैद्याच्या विधवेबरोबर. तुला माहीत आहे, मधे बँड तेच पालुपद परत घेतो तेव्हा सगळे थांबतात, बायका पंखे उघडून बँडकडे तोंड करून उभ्या राहतात. तशा थांबलो. विधवाबाईंनी पंखा उघडला, इकडे तिकडे पाहिलं, आणि सावकाश चालत येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. ‘उकडतंय’ एवढंच म्हणाल्या. बँड पुन्हा सुरू झाला तेव्हा तो मध्यभागी हात पुढे करून एकटा उभा होता.

मी सुखात आहे, अम्पारो. हे तुला चिडवायला लिहीत नाही. मला रोज कुणीतरी काहीतरी आणून देतं आणि त्यात मीठ कमी आहे असं मला सांगता येतं.

पण पहिल्या पत्रात मी ‘आराम केला’ असं लिहिलं, ते खरं नाही. मी जेवत नव्हते. दिवसभर आरशावर चादर टाकून बसायचे, कुणी मेल्यावर टाकतात तशी. तेव्हा फोन हातात घेऊन मी एकच नंबर लावायचे, तो लागायचा नाही, कारण तू तो बंद केला होतास. कुकाला मी तो नंबर कुणाचा हे सांगितलेलं नाही. तिने पातेलं घेऊन येऊन तुला दोन शिव्या दिल्या असत्या, आणि माझ्या बहिणीला शिव्या देण्याचा हक्क माझा आहे.

ओतिलिया


सान हासिंतो, २६ एप्रिल

अम्पारो,

बसच्या पार्सल खिडकीवरून निरोप आला की तांपिकोहून माझ्या नावाने काहीतरी आलंय. मला वाटलं तू आईचं भांडं परत पाठवलंस, संबंध तोडल्याची खूण म्हणून. बरोबर कुका होती, ती म्हणाली, “भांडं असेल तर घ्यायचंच. भांड्यावर राग नाही काढायचा.”

तुझा फोन होता. अख्खा. चार्जरसकट, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, वर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर तुझ्या बोर्डिंगच्या वळणदार अक्षरात फोन उघडायचे आकडे. चिठ्ठी नाही. एक शब्द नाही.

यारेलीला दाखवला तेव्हा तिने पुन्हा कपाळ टेबलावर टेकवलं. म्हणाली, “दोन्या ओतिलिया, कुणी पुरावा जाळतं, कुणी भिजवतं, आणि तुमच्या भगिनी पुरावा बसने पाठवतात. स्क्रीनचा फोटो काढून पाठवला असता तरी चाललं असतं आधी!” मी म्हटलं, बाळ, माझ्या बहिणीला फोनवर बोलता येतं, लिहिता येतं आणि चिडली की नंबर बंद करता येतो, तेवढंच. तिला वाटलं असेल, मेसेज फोनमध्ये आहे, तर फोन द्यायला हवा. तिच्या दृष्टीने बरोबरच आहे. आता एवढ्या लांब बसून तू फोनशिवाय काय करते आहेस, हा विचार मला तेव्हा आला. तुझ्या नातवंडांचे आवाज, रोज सकाळची ती फुलांची चित्रं, सगळं माझ्या टेबलावर पडून होतं.

आम्ही फोनला काही केलं नाही. तसाच कचेरीत नेला. कारकुनाने मला ओळखलं आणि या वेळी ‘आजी’ म्हणाला नाही, ‘दोन्या ओतिलिया, बसा’ म्हणाला. त्याने सगळ्यांसमोर फोन उघडला, सेलेदोनियोचं नाव काढलं. तारीख होती, नंबर होता, फोटो होते. मग आवाज लावला. पूर्ण खोलीत तो आवाज. तोच, खर्जातला, चौकात मला ‘राणी’ म्हणणारा. चोराचा उद्योग तिथे संपला.

कारकून म्हणाला, “आता पुढे खाली काय आहे तेही घ्यावं लागेल.”

खाली काय असणार? मी माझ्या पर्समध्ये रुमाल शोधत होते. मला वाटलं, तू त्याला कळवल्याबद्दल आभार मानले असतील. खरंच असं वाटलं, लपवून काय करू?

त्याने खाकरून वाचायला घेतलं. त्याच्या मेसेजनंतर लगेचच, त्याच सकाळी, तू लिहिलेलं. मला फोन करून ओरडण्याच्या आधी.

‘सेलेदोनियो, माझी बहीण स्वतःच्या घरात उभी आहे आणि छान दिसते आहे. तू कुठे उभा आहेस ते बघ, उकिरड्यात. तिने आयुष्यात कधी कुणाचं वाईट केलं नाही आणि तुझ्यासारख्या घाणेरड्या माणसाबरोबर नाचली एवढीच तिची चूक. हे फोटो आणखी कुणाला दाखवलेस तर मी तांपिकोहून येईन आणि तुझं…’

तिथे तो थांबला. म्हणाला, “पुढे एक शब्द आहे.”

“वाचा,” कुका म्हणाली.

त्याने वाचला. मग आणखी एक होता. मग तर पूर्ण ओळच होती, त्यात त्याच्या आईचं सूपही आलं होतं. म्हणजे तुला सूप माहीत होतं! मी ते तुला कधी सांगितलं? नाताळात सांगितलं असेल, आणि तू लक्षात ठेवलंस. कारकुनाने टाइप करायला घेतलं आणि अडकला. “याचं स्पेलिंग?”

मी सांगितलं. अक्षरं एकेक करून. पलीकडची बाई उठून बाहेर गेली, तिला हसू आवरत नव्हतं. नन्सच्या शाळेतल्या मुली आपण, असल्या शब्दाचंही स्पेलिंग चुकवत नाही.

अम्पारो, मग मला का ओरडलीस? त्याला उकिरडा दाखवलास आणि मला ‘लाज घालवलीस’ म्हणालीस, तेही एकाच सकाळी. मी आठवडाभर यावर विचार केला. भांडायला दूरचा माणूस पुरेसा नव्हता म्हणून जवळचा घेतलास, असं मला वाटतं. किंवा मला दुखावलं म्हणून तू इतकी घाबरलीस की घाबरल्यावर करतेस तेच केलंस: दार लावून घेतलंस. बोर्डिंगातही वीज कडाडली की तू कपाटात शिरायचीस आणि मला बाहेर ठेवायचीस. हे सगळं मी तुझ्या तोंडावर विचारणार आहे, आणि तू सरळ उत्तर देणार नाहीस, तेही मला माहीत आहे.

संध्याकाळी गल्लीत बातमी गेली. ब्रिहिदाने रिकाम्या जागेवर तुझं नाव सांगितलं. एउलालियाला ऐकू येत नाही म्हणून तिच्या कानात ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे तुझ्या त्या ओळी आता दोन गल्ल्यांना पाठ आहेत. बेकरीवालीची मुलगी त्यातला एक भाग पावाचं पीठ मळताना म्हणते. सेलेदोनियोला कचेरीतून बोलावणं आलं आहे; त्याच्या आईने माझ्याकडे माणूस पाठवून विचारलं, तडजोड होईल का. मी कळवलं, सूप दाट करा.

आता कामाचं. फोन त्यांनी पाकिटात घालून सील केला आहे, इतक्यात परत देणार नाहीत. म्हणजे सध्या तू मला ब्लॉक केलं असण्याला काही अर्थ उरलेला नाही. यारेली म्हणते पार्सलमधून आलेला फोन एवढाच पुरत नाही. ज्याचा फोन त्या माणसाने स्वतः येऊन सांगितलं पाहिजे, की हा माझा, हा मेसेज मला आला, आणि त्याचं हे उत्तर मी दिलं. तारीख अकरा मेची मिळाली आहे. आदल्या दिवशी मातृदिन, त्या दिवशी बस गच्च असते, म्हणून नऊ तारखेलाच नीघ. तू कुका­च्या घरी उतरणार नाहीस, ती घोरते. माझ्याकडे उतरशील. आरशावरची चादर मी काढली आहे, ती तुझ्या खाटेवर घातली आहे, धुऊन.

आणि एक. कारकून म्हणाला, तुला तुझं उत्तर साहेबांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. आमच्या सगळ्या धर्ममाता ऐकायला येणार आहेत. घरी सराव करून ये. शब्द खाऊ नकोस, मान वर ठेव, आणि त्या शेवटच्या ओळीला आवाज खाली पडू देऊ नकोस.

तुझी,
ओतिलिया